सुंता झालेल्या मुलाची घरातील शुश्रूषा

(धाराशिव जिल्ह्यातील तांबोळी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



समाजाच्या या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, व्यापारातील अडचणी, विवाहातील वाढता खर्च इत्यादी विषयांचा ऊहापोह दरवर्षी होत असतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. आजचा आमचा विषय त्या मानाने लहान वाटेल. काहींना तर तो चारचौघांत बोलण्याजोगाही वाटणार नाही. तथापि ज्या प्रसंगातून आपल्या समाजातील प्रत्येक मुलाला एकदा जावेच लागते, ज्यात त्याचे रक्त सांडते आणि ज्यात घरच्या माणसांचे ज्ञान अथवा अज्ञान त्याच्या सुखदुःखाचा निर्णय करते, तो विषय संकोचाखाली झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. सुंता, जिला आपण घरात खतना म्हणतो आणि शेजारीपाजारी मुसलमानी म्हणतात, ती झाल्यानंतर मुलाची घरी निगा कशी राखावी, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

एक काळ असा होता की, हे काम गावचा हज्जाम करीत असे. मुलास नवे कपडे घालावयाचे, पाटावर बसवावयाचे, मामाने मागून हात धरावयाचे, आणि 'वर बघ, सोन्याची चिमणी आली' असे म्हणून त्याची मान वर वळली की वस्तरा फिरवावयाचा, ही रीत पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या कारागिरांची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पिढ्यानपिढ्या त्यांनी हे काम जबाबदारीने केले. परंतु भूल नव्हती, हत्यारे जंतुरहित करण्याची सोय नव्हती, आणि एकच वस्तरा अनेक मुलांस लागत असे. आज आपल्याला ठाऊक आहे की, अशा वस्तऱ्यातून काविळीचे आणि एच.आय.व्ही.चे विषाणू एका मुलाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात. म्हणून आता बहुतेक कुटुंबे मुलास शल्यचिकित्सकाकडे नेतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु या सुधारणेबरोबर एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. हज्जाम गावातच राहत असे. रात्री-अपरात्री बोलावणे गेले तरी तो दारात येऊन उभा राही. आज परंड्याचा मनुष्य बार्शी गाठतो, उमरग्याचा सोलापूर, कळंबचा लातूर. सकाळी शस्त्रक्रिया होते, दुपारी मुलास घरी पाठवितात, आणि सायंकाळी ते मूल व त्याची आई यांच्यापासून दवाखाना कित्येक कोस दूर असतो. शस्त्रक्रिया दवाखान्यात गेली, शुश्रूषा मात्र घरातच राहिली. डॉक्टरांचे काम अर्ध्या घटकेचे. पुढील पंधरा दिवसांचे काम आईचे, बापाचे, दादीचे आणि नानीचे आहे. त्यांना त्या कामाचे शिक्षण देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, असे आमचे नम्र मत आहे.

घरी आल्यानंतरच्या गोष्टींकडे वळण्यापूर्वी, घरून निघण्यापूर्वीच्या दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सारी शुश्रूषा त्यांवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट रक्ताची. मुलास रांगताना जागोजागी काळेनिळे डाग पडत होते काय? लस टोचल्यावर वा दात पडल्यावर रक्त फार वेळ वाहत राहिले काय? त्याच्या मामास, मावसभावास किंवा थोरल्या भावास असे झाले होते काय? हे प्रश्न आईच्या माहेरास विचारावयाचे आहेत, कारण हिमोफिलिया नावाचा रक्त न गोठण्याचा विकार बहुधा आईच्या वंशातून मुलग्यांकडे येतो. आई स्वतः धडधाकट असते, म्हणून कोणास शंकाही येत नाही. ही जाणीव नवी नव्हे. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधील कॉर्डोबा येथील थोर शल्यविशारद अबुल कासिम अल्-झहरावी यांनी, ज्यातील पुरुष जखम होताच रक्त वाहून दगावत, अशा एका गावाची नोंद आपल्या 'अल्-तसरीफ' या ग्रंथात केली आहे. त्याच ग्रंथात सुंता कशी करावी याचेही वर्णन आहे. त्याहीपूर्वी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, यहुदी धर्मपंडितांनी असा निर्णय दिला होता की, एखाद्या मातेची दोन मुले सुंतेमुळे दगावली असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये. आपल्या कोकणातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी आजही आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात. ज्यांनी हा विधी इतका अनुल्लंघनीय मानला, त्यांनीही मुलाच्या प्राणापुढे विधीस थांबावयास लावले, हे आपण ध्यानी घ्यावे. दख्खनमधील आपण बहुतेक हनफी पंथाचे आहोत. या पंथात खतना सुन्नत मानली जाते, आणि तिच्यासाठी अमुकच वय असा निर्बंध नाही. तेव्हा मुलाच्या प्रकृतीसाठी ती पुढे ढकलण्यात कोणताही कमीपणा नाही. शंका असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी. नवजात बालकाच्या बाबतीत, जन्मतः जीवनसत्त्व 'के'चे इंजेक्शन दिले होते की नाही हेही डॉक्टरांस सांगावे. घरी बाळंतपण झालेल्या मुलास ते बहुधा मिळालेले नसते.

दुसरी गोष्ट रचनेची. काही मुलांचे लघवीचे छिद्र टोकास नसून खालच्या अंगास असते. आपल्याकडील काही घरांत त्यास 'जन्मतःच खतना झालेला' असे कौतुकाने म्हणतात. वस्तुतः ते व्यंग आहे, आणि ते दुरुस्त करण्यासाठी शल्यचिकित्सकास तीच कातडी लागते, जी आपण कापून टाकावयास निघालेलो असतो. अशा मुलाची सुंता मुळीच करू नये. त्यास प्रथम बालशल्यचिकित्सकास दाखवावे.

वयाविषयीही एक शब्द. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अनुभवांच्या एका आढाव्यात असे दिसून आले की, तान्ह्या मुलांत शंभरांपैकी सुमारे दीड जणास काही ना काही त्रास झाला, तर वर्षाहून मोठ्या मुलांत हे प्रमाण सुमारे सहा होते. यांतील बहुतेक त्रास किरकोळ होते. मात्र पाच-सात वर्षांपर्यंत थांबण्याची आपली चाल मुलाच्या दृष्टीने सोयीची नाही, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

आता शस्त्रक्रियेच्या दिवसाकडे वळू. मोठ्या मुलास पूर्ण भूल द्यावयाची असल्यास सहा तास आधीपासून अन्न बंद आणि दोन तास आधीपासून पाणीही बंद, हा सर्वसाधारण नियम आहे. अंगावरचे दूध पिणाऱ्यास चार तास. 'पोर उपाशी कसे ठेवावे' म्हणून नानी वाटेत बिस्कीट देते, आणि भुलेत ते अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका निर्माण होतो. येथे माया आवरणे हीच माया होय.

दुपारी घरी आणलेले मूल हसतखेळत असते, आणि घरचे म्हणतात, 'बघा, काहीच दुखत नाही.' ते खरे नव्हे. जागा बधिर करण्यासाठी दिलेल्या औषधाचा अंमल काही तास टिकतो, आणि तो ओसरला की सायंकाळी कळा सुरू होतात. म्हणून मूल रडू लागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी वेदनाशामक औषधाची पहिली मात्रा द्यावी. बहुधा ते पॅरासिटामॉल असते. त्याचे माप वयावर नसून वजनावर आहे. साधारणतः दर किलोस 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत. सोळा किलोच्या मुलास एका वेळी 240 मिलिग्रॅम पुरतात. परंतु दुकानात मिळणाऱ्या काही बाटल्यांत 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध असते, तर काहींत 250. पहिल्या बाटलीतून या मुलास 10 मिलिलिटर द्यावे लागतील, दुसरीतून 5 मिलिलिटरहून किंचित कमी. बाटली बदलली आणि माप तेच राहिले, तर औषध एक तर अर्धे पडते, नाही तर दुप्पट जाते. सर्दीच्या पुष्कळ औषधांतही पॅरासिटामॉल असते. तेव्हा ती जोडीने देऊ नयेत. मोठ्या माणसांच्या डोकेदुखीच्या गोळ्या मोडून देऊ नयेत. ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये. त्याने रक्त पातळ होते, आणि लहान मुलांस त्यापासून इतरही भयंकर अपाय होऊ शकतो. तीन महिन्यांच्या आतील बालकास डॉक्टरांवाचून कोणतेही औषध देऊ नये.

पहिली रात्र जागरणाची समजावी. दर दोन-तीन तासांनी दिव्याच्या उजेडात पट्टी पाहावी. पट्टीवर रुपयाएवढा वाळलेला डाग असणे स्वाभाविक आहे. तो डाग डोळ्यांदेखत वाढत असेल, थेंब ठिबकत असतील किंवा अंथरूण भिजले असेल, तर ते स्वाभाविक नव्हे. अशा वेळी घरात एकच गलका होतो. तो न करता एका माणसाने हात साबणाने धुवावेत, स्वच्छ गॉज अथवा उकळून वाळविलेल्या सुती कापडाची घडी घ्यावी, आणि त्या जागी दोन बोटांनी घट्ट पण मायेने दाब द्यावा. दाब दहा मिनिटे, घड्याळ लावून, सलग द्यावा. 'थांबले का?' म्हणून मध्येच उचलून पाहिले की गोठू लागलेले रक्त पुन्हा सुटते. दहा मिनिटांनी थांबले नाही, तर दाब तसाच ठेवून दवाखान्याकडे निघावे. वाहन नसेल तर 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाच्या अंगात रक्त थोडे असते. मोठ्या माणसास जे चमचाभर वाटते, ते त्यास पुष्कळ असते. मूल निस्तेज, थंड वा सुस्त वाटू लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

दुसरी चिंता लघवीची. मुलास लघवी करताना जळजळते, म्हणून ते लघवी रोखून धरते. आणि 'पाणीच दिले नाही म्हणजे लघवीची कटकट नाही' असा हिशेब काही घरांतून केला जातो. हा हिशेब उलटा आहे. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, आणि दाट लघवी अधिक झोंबते. म्हणून पाणी, ताक, लिंबूसरबत, जे रुचेल ते वारंवार द्यावे. मूल घाबरत असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसवून तेथेच लघवी करू द्यावी, किंवा लघवी करताना वरून कोमट पाण्याची धार सोडावी. पट्टी ओली झाल्याने काही बिघडत नाही. घरी आल्यापासून आठ तास उलटूनही लघवी झाली नाही, किंवा ओटीपोट फुगून मूल तळमळू लागले, तर पट्टी फार आवळली असण्याचा संभव आहे, आणि ते डॉक्टरांनीच पाहिले पाहिजे.

पट्टी कधी काढावयाची हे निघतानाच विचारून घ्यावे. बहुधा ती एक-दोन दिवसांत काढावयाची असते, किंवा आपोआप सुटते. चिकटली असेल तर कोमट पाण्यात भिजवून सुटू द्यावी. ओढून काढणे म्हणजे भरत आलेली जखम पुन्हा उघडणे. त्यानंतर दिवसातून दोन-तीनदा डॉक्टरांनी दिलेले मलम किंवा साधे व्हॅसलीन टोकास लावावे, म्हणजे कपडा चिकटत नाही. टाके विरघळणारे असतात. ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात. तान्ह्या मुलास प्लास्टिकची कडी बसविली असेल, तर ती साधारण पाच ते दहा दिवसांत गळून पडते. तिला हात लावू नये. बारा दिवसांनीही पडली नाही, अथवा ती मागे सरकून रुतली व पुढचा भाग सुजून निळसर दिसू लागला, तर तात्काळ दवाखाना गाठावा.

आता ज्या एका गोष्टीमुळे घरोघरी व्यर्थ भय उत्पन्न होते, ती सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकावर पिवळसर पांढरा थर दिसू लागतो. आई म्हणते 'पू झाला', दादी म्हणते 'चिघळले', आणि मग कापसाने घासणे सुरू होते. बहुधा तो पू नसतो. गुडघ्यावरच्या जखमेवर कोरडी खपली धरते, तशी या ओलसर जागी ही मऊ खपली धरते. ती बरे होण्याची खूण आहे. तिला घासू नये. ती आठ-दहा दिवसांत आपोआप निघून जाते. तद्वतच टोकाच्या मागे कड्यासारखी सूज येणे, ती दोन-तीन दिवस वाढून मग हळूहळू उतरणे, सकाळी जाग येताना ताण येऊन दुखणे, हेही नेहमीचेच. खरा बिघाड निराळा असतो. लाली पसरत पोटाकडे चढते, जागा गरम लागते, हिरवट व दुर्गंधीयुक्त पू येतो, 100.4 अंशांवर ताप चढतो, किंवा तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढते. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे.

घरगुती उपायांविषयी आपल्या समाजात स्पष्ट बोललेच पाहिजे. तांबोळ्याच्या घरात काथ, चुना आणि तंबाखू हाताशीच असतात. बोट कापले की काथाची पूड दाबण्याची सवय आपणांस आहे. ती सवय येथे नको. राख, हळद, कोळशाची पूड, खोबरेल, शेण लागलेल्या हाताने बांधलेले फडके, यांपैकी काहीही त्या जखमेवर जाता कामा नये. धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत आणि शेणात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. राखेबरोबर वा धुळीबरोबर ते जखमेत जातात. 2015 साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. ते सुईणीने स्वच्छ पात्याने नाळ कापण्यास आरंभ केल्यामुळे आणि मातांस लस टोचल्यामुळे. जे नाळेस लागू, तेच या जखमेसही लागू. मुलाच्या लसी सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास, पुढे दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांच्या वयात झाल्या आहेत की नाहीत, हे कार्ड पाहून खात्री करून घ्यावी. राहिली असल्यास आशाताईंस विचारावे.

येथे आपल्या जिल्ह्याच्या पाण्याचा प्रश्न उपस्थित होतो. आपण बहुधा शाळेची सुट्टी पाहून मे महिन्यात सुंता करतो. पण त्याच महिन्यात आपल्याकडे विहिरी आटतात, टँकर येतो, आणि पिण्याच्या पाण्याचीच चणचण असते. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. उन्हाळ्यामुळे जखम बिघडते हा समज सर्वस्वी खरा नाही. बिघडते ती घाम, माशा आणि अस्वच्छ पाणी यांमुळे. म्हणून शक्य तर दिवाळीची सुट्टी पाहावी. उन्हाळ्यातच करावयाची असेल, तर रोज एक कळशीभर पाणी उकळून, झाकून, थंड करून केवळ त्या मुलासाठी निराळे ठेवावे. पहिले दोन दिवस अंग पुसून घ्यावे. नंतर डॉक्टरांच्या अनुमतीने याच पाण्यात थोडा वेळ बसवावे व जागा टिपून कोरडी करावी. पाण्यात डेटॉल ओतण्याची आवश्यकता नाही. निव्वळ डेटॉल तर त्या नाजूक त्वचेस भाजून काढते. मुलास सैल लुंगी किंवा लांब सदरा घालावा. रात्री पांघरूण घासू नये म्हणून कमरेपाशी एखादी हलकी टोपली उपडी ठेवावी, आणि वरून मच्छरदाणी लावावी. तान्ह्या बाळाचे लंगोट ओले होताच बदलावे.

आहाराचे पथ्य फारसे नाही. अंडे, मटण, दूध यांनी पू होतो हा समज निराधार आहे. फक्त बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथण्याने त्या जागी ताण पडतो. केळी, पपई, भाजी-भाकरी आणि भरपूर पाणी एवढे पुरे. सात ते दहा दिवसांनी मूल शाळेत जाऊ शकते. सायकल, घोडा-घोडा, कुस्ती आणि विहिरीत वा नदीत पोहणे मात्र चार आठवडे बंद. पुढे काही महिन्यांनी लघवीची धार बारीक झाली, वर उडू लागली किंवा मूल जोर करू लागले, तर छिद्र आकुंचित झाले असण्याचा संभव असतो. तेव्हाही डॉक्टरांस दाखवावे.

ही सारी निगा केवळ आपल्याच मुलांस लागू आहे असे नव्हे. कातडी आवळल्यामुळे लघवी अडणाऱ्या हिंदू मुलांचीही हीच शस्त्रक्रिया त्याच दवाखान्यांत होते. अशा शेजाऱ्याच्या घरी भांबावलेल्या आईस चार अनुभवाच्या गोष्टी सांगावयास आपल्या भगिनी गेल्या, तर तो खरा शेजारधर्म होईल.

भगिनींनो, शरीराच्या जखमेबद्दल बोललो. आता मनाच्या जखमेबद्दल. सोन्याच्या चिमणीची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली. ती ऐकून मोठी माणसे हसतात. परंतु ज्याची मान वर वळली आणि ज्यास त्याच क्षणी वेदना झाली, ते मूल हसत नाही. ज्याचा मामा त्याचे हात धरतो, त्याने पुन्हा कोणावर विश्वास ठेवावा? आता भूल आहे, म्हणून फसवणुकीची आवश्यकताही उरलेली नाही. पाच-सात वर्षांच्या मुलास आधी एक-दोन दिवस सरळ सांगावे की, 'आपण डॉक्टरांकडे जाणार आहोत, ते औषध देऊन झोपवतील, उठल्यावर पट्टी असेल, थोडे दुखेल, त्यावर औषध आहे, आणि अम्मी जवळ असेल.' मूल रडेल. रडू द्यावे. 'मर्द रडत नाही' असे म्हणू नये. रडणारे मूल दुखते कोठे हे सांगते. धाकाने गप्प बसलेले मूल रक्त वाहत असले तरी सांगत नाही. आणि त्या गप्प बसण्याची किंमत पहिल्या रात्री प्राणाने मोजावी लागू शकते.

दुसरे असे की, पाहावयास येणारी मंडळी लुंगी उचलून पाहतात. मोठा मुलगा लाजेने चूर होतो, आणि दहा हातांची धूळ जखमेपाशी येते. हे बंद झाले पाहिजे. त्याची पट्टी आई, बाप आणि डॉक्टर यांनीच पाहावी. इतरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, दुवा द्यावी, खाऊ द्यावा.

जेवणावळीचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. ज्या दिवशी मुलास सर्वांत अधिक शांतता हवी, त्याच दिवशी घरापुढे मांडव, वाजंत्री आणि दोन-तीनशे पाने! आई मुलाजवळ बसावयाची ती चुलीपाशी असते. बाप पट्टी पाहावयाचा तो पाहुण्यांची पादत्राणे मोजीत असतो. आनंद करू नये असे आम्ही म्हणत नाही. तो पंधरा दिवसांनी करावा. मूल तोवर बरे होऊन मांडवात धावेल, आणि स्वतःच्या समारंभाचा उपभोग स्वतः घेईल. कर्ज काढून तर तो कदापि करू नये. मांडवाच्या खर्चाच्या काही अंशात चांगला शल्यचिकित्सक, रक्ताची तपासणी, औषधे आणि परत दाखवावयास जाण्याचे भाडे, इतके सर्व भागते. परत दाखविणे पैशाअभावी राहून जाते आणि जेवणावळ मात्र राहत नाही, हा क्रम आपण उलटा केला पाहिजे.

शेवटी समाजाच्या कार्यकर्त्यांस आमच्या तीन विनंत्या आहेत. समाजातर्फे सामुदायिक सुंतेचा कार्यक्रम ठेवल्यास प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र जंतुरहित साहित्य आहे याची लेखी हमी घ्यावी. कार्यक्रमानंतर तीन दिवस रात्रंदिवस दूरध्वनीवर उत्तर देणारा डॉक्टर आणि एक वाहन सज्ज असावे. आणि आज सांगितलेली धोक्याची लक्षणे, म्हणजे न थांबणारे रक्त, आठ तास न झालेली लघवी, चढणारी लाली, ताप, दुर्गंधीयुक्त पू, निळे पडलेले टोक व सुस्त पडलेले मूल, ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक घरी भिंतीवर लावण्यास द्यावीत. आपण घरात दख्खनी बोलतो, पण आपली मुले मराठी शाळांत शिकतात. तेव्हा तो कागद मराठीतच असावा, म्हणजे वाचता न येणाऱ्या दादीस नातू तो वाचून दाखवील.

बंधुभगिनींनो, धर्माचा संस्कार म्हणून आपण मुलाच्या अंगावर जखम करतो. ती जखम करण्याचा अधिकार आपण घेतला, की ती नीट भरून काढण्याची जबाबदारीही आपल्याच शिरावर येते. हे आपण ओळखले, आणि पुढील वर्षी या मेळाव्यात एखादी माता उठून 'आमच्याकडे यंदा काही भय वाटले नाही' असे सांगू शकली, तर आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.